धाक कोणाला बसला

८ मे २०२५
टीव्हीवर सीमा, आणि सीमेवर आमचा ललित! दोन वर्षांपूर्वी फौजेत निघाला तेव्हा बजावलं होतं – "गेलास तर या घरात पाय ठेवायचा नाही." तरी गेलाच. तेव्हापासून मी बोलत नाही.

शेजारचे किसनराव फाटकातून म्हणतात, "सर, कालेजात लढाया शिकवता, अन् पोरगं फौजेत गेलं तं रुसता काहून?" लढाया शिकवतो म्हणूनच!

१० मे
शस्त्रसंधी. ललितचा फोन आला – त्याच्या आईला. भावना हसत होती, रडत होती. मी पेपर धरून बसलो. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

८ जुलै
बारावीला 'धाक' शिकवला – लढाईनंतर शेजाऱ्याला पुन्हा चाल करून येऊ कसं द्यायचं नाही. वर्गात दोन देश केले. करिश्माच्या देशाने बजावलं, नदी ओलांडाल तर शहर उडवू. स्वप्निलच्या देशाने ओलांडली आणि एक चौकी घेतली! सगळा वर्ग ओरडला, "उडव!"

करिश्मा शांत. "सर, त्याचं शहर उडवलं तं माहं बी उडीन. धमकी त्याले थांबवायले होती, तो तं थांबला नाही. आता त्याले वापस जायले वाट देतो."

"मग तुझ्या शब्दाला किंमत काय राहिली?"

"पन शहर राहिलं ना सर!"

दहापैकी चार गुण दिले. दिलेला शब्द पाळावा लागतो. बावीस वर्षं हेच शिकवतोय.

९ जुलै
चाराचे नऊ केले.

११ जुलै
ललितला दोन्ही दिवाळ्यांना सुट्टी मिळाली नाही, असं भावना सांगते. आताही नाहीच मिळणार. माझ्या धमकीने काय थांबलं? काहीच नाही. पोरगं लढाईतून सुखरूप सुटलं आणि मी शब्द पाळत बसलोय. मूर्ख माणूस! रविवारी फोन करतो. मीच.

१३ जुलै, रविवार
केला. विचारलं, सुट्टी कधी आहे?

"सुट्टीवरच आहो बाबा. वरूडले, मामाकडं. दिवाळीले बी अथीच होतो."

"मंग घरी काहून नाही आला?"

"तुमी नाही म्हटलं होतं ना."

मागे वळलो तर भावना पिशवी भरून, चपला घालून उभी. वरूडची दहाची बस आहे म्हणाली.