मरणाआधीच वाचवलेली फी

वरोरा, ता. ११ मार्च १९५८

चि. सोमाजीस अ. उ. आ. (सवयीने लिहिले.)

आज मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत कारकुनाने खरेदीखत वाचून दाखवले. घर विकणार गुणाबाई, बरोबर. घेणार कोण? तू! बँकेच्या गहाणखतातही मालक तू, मी नुसती जामीन. फंड माझा, हप्ते माझ्या पेन्शनमधून, आणि दारावर पाटी माझ्या धाकट्या भावाची. मला उन्हाचा त्रास नको म्हणून दस्त मीच लिहवून घेतो, असे म्हणाला होतास. मी भाबडी खूशही झाले. वाचल्याशिवाय सही करू नये, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी छडीने शिकवले होते. ते आज कामी आले. सही केली नाही. स्टँप वाया गेले. असे का केलेस?

तुझी बाई

घुग्घुस, ता. १४ मार्च

ती. बाईस सोमाजीचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझी भावजय कमळा माझ्याशी बोलत नाई. फक्त ताट आपटते. बाई, तुले फसवाचं मनात नव्हतं. दस्त लिवणारा अर्जनवीस म्हणाला, बाई एकट्या, त्यांच्यामागं घर तुमच्याच पोराइले येईन. तवा रजिस्ट्रीची फी पुन्हा काऊन भरता, आत्ताच तुमचं नाव टाका. मले पटलं. तू शाबासकी देशीन असं वाटलं. त्या घरात शंभर वर्षं राह्य, तुले कोण काढते? राग सोड, माया असू दे.

सोमाजी

वरोरा, ता. १६ मार्च

चि. सोमाजीस आशीर्वाद.

म्हणजे मी जिवंत असतानाच माझ्या मरणाची फी वाचवलीस! धन्य तुझी काटकसर. शंभर वर्षे राहा म्हणतोस, पण कोण म्हणून? सारी नोकरी शाळेने दिलेल्या खोल्यांत राहून गेली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे. आता म्हातारपणी तो अर्ज तुझ्याकडे करू?

नवे स्टँप घेतले. दोन्ही दस्त माझ्या नावाने लिहवले, अर्जनविसाच्या डोक्यावर उभी राहून. गुणाबाई मुलाकडे नागपूरला निघाली आहे. शनिवारच्या पुढे थांबणार नाही. अडले आहे एवढेच, की सब-रजिस्ट्रारसाहेब मला ओळखत नाहीत. ओळख पटवायला दोन माणसे लागतात. शाळेचा चपराशी वारलू न विचारता तयार झाला. दुसरी सही भावाची असावी, असे मला अजूनही वाटते. कमळेचा राग त्याने उतरेल.

तिथे पोरांचा विषय नको, वारशाचाही नको. फक्त साहेबांपुढे सांगायचे, की घर घेणारी ही सुगंधाबाई, हिला मी ओळखतो. जमेल का, ते गुरुवार ता. २० च्या टपालापर्यंत लेखी कळव.

तुझी बाई