एका हाताने खेळायची बिल्ड

१८ नोव्हें., मंगळ.
आई आज परत वेणी घालत होती. मला बडोद्याला येऊन दहा दिवस होतील, रोज वेणी घालते आणि रोज काही विचारत नाही. डावं मनगट प्लॅस्टरमध्ये, बाहेर फक्त बोटांची टोकं. सगळ्यांना माहीत आहे ते असं की भरूचला स्कूटरवरून पडले. मी पोचायच्या आत अ. ने फोन करून कळवलं होतं. (नवऱ्याचं पूर्ण नाव या वहीत लिहायचं नाही. शाई वाया जाते.)

दुपारी हेतल म्हणाली, "चाल बेन, किती झोपशील, गेम शिकवते." हेतल म्हणजे दादाची बायको. घरून नोकरी, शिफ्ट संध्याकाळी. दुपारी जेवणं झाली की ही राक्षस मारायला बसते. तिचं लग्न झाल्यापासून बघतेय, शेजारी आज पहिल्यांदा बसले.

प्रश्न एकच. उजव्या हातात माउस, डावा बाद, मग काय खेळता येईल?

आधी बिल्ड ठरवायची म्हणे. बिल्ड म्हणजे आपलं माणूस कसं मारणार आणि कशाने मरणार नाही, ते सुरुवातीलाच ठरवून टाकणं. मागाहून बदलता येतं, पण फार जड जातं. "एटले पहेलाथी विचार करायचा," हेतल म्हणाली.
लग्नाआधी असं कोणी सांगत नाही.

१९ नोव्हें., बुध.
मेलेल्यांना उठवणारी चेटकीण घेतली. नवशिक्यांना सगळ्यात सोपी, असं जिथेतिथे लिहिलंय. आपण मागे उभं राहायचं, सांगाडे पुढे जाऊन लढतात. बटण एक.

दलदलीत डुकराच्या तोंडाचा एक राक्षस आला. सांगाड्यांनी त्याला फाडला, आतडी चिखलात. मी लांब उभी. कंटाळा. मग बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा राक्षस. त्याने एका झटक्यात सगळे सांगाडे चिरडले आणि माझ्याकडे वळला. माझ्याकडे स्वतःचा असा एक चाकूसुद्धा नव्हता. डोकंच उडवलं.

जेवताना बाबा म्हणाले, "३० तारखेला, रविवारी, तुझ्या सासरचे लोक येतायत. तू काळजी करू नकोस. मी आहे, तुझा दादा आहे."
मला सांगाडे आठवले. हसायला आलं. आई म्हणाली, काय गं झालं?

२२ नोव्हें., शनि.
धनुष्यवाली. लांबून मारायचं आणि पळत राहायचं. पण पळायची बटणं डाव्या हाताची. लांडग्याने मागून येऊन गळा फाडला. परत उठले, परत गळाच. तिसऱ्यांदा तर नुसती उभी राहून बघत होते तो कुठून येतो ते.

अ. चा फोन. आवाज मधात बुडवलेला. "राग गेला का?" माझा राग! म्हटलं हात ठणकतोय. तर म्हणतो, "किती वेळा सांगितलं तुला, स्कूटर नीट चालवत जा."
फोनवर आम्ही दोघंच होतो. तिसरं कोणी ऐकत नव्हतं. तरी स्कूटर. मला घाम फुटला. मार खाताना फुटला नव्हता इतका.

२५ नोव्हें., मंगळ.
आज हेतलशी भांडण.

बिचारीने माझ्यासाठी म्हणून खास बिल्ड शोधून आणली. काट्यांची. चिलखतभर काटे. राक्षस आपल्याला मारतो आणि मारता मारता स्वतःच मरतो. "बेस्ट छे बेन! तू फक्त गर्दीत ऊभी रहा. मार खात रहा. जेवढा जास्त मार खाशील, तेवढे जास्त ते मरणार. बटण पण नको!"

खेळले. खोटं नाही, तसंच होतं. मध्ये मी, चहूकडून गदा, दात, नख्या. स्क्रीन लाल. एकेक जण माझ्या अंगावर आपटून फुटतोय, मांसाचे लगदे पायाशी. हेतल टाळ्या वाजवतेय, "जो, बघ! काय करायलाच नको!"

माउस भिंतीवर फेकला.

म्हटलं, हे येतं मला. चार वर्षं हेच केलंय. तो मरत नाही. मला लागतं आणि तो हात धुऊन जेवायला बसतो.

मग सगळं बाहेर आलं. कपाटाचं. कारण काय होतं ते लिहिणार नाही, कारण लिहिलं की ते कारण वाटायला लागतं. माझं मनगट धरून कपाटाच्या फटीत ठेवलं आणि दार लावलं. नीट बंद होईना, म्हणून परत लावलं. मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. मग स्वतःच गाडी काढली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मला विचारलं आणि उत्तर त्याने दिलं.

हेतलचा चेहरा पांढरा. तिने माउस उचलून आणला. मग, "रविवारी बोलशील? सगळ्यांसमोर?"
म्हटलं, बोलेन.
"पक्कं?"
पक्कं. नाही बोलले तर सोमवारी मी भरूचला असेन, आणि कपाट अजून तिथेच आहे.

२६ नोव्हें., बुध.
आज मी निवडलं. कुऱ्हाडवाली बाई. हेतल म्हणाली, "बिगिनर माटे नथी आ." बरोबरच आहे, नवशिक्यांनी या वाटेला जाऊ नये असं गाइडमध्येही छापलंय. कुऱ्हाड जड. उचलायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा दोनदा हाणतो. पण बटण एकच. आणि लागली की लागली.

पहिल्याच गुहेत एकाला खांद्यापासून कमरेपर्यंत चिरला. दुसऱ्याचं डोकं. नारळ फोडल्यासारखा आवाज येतो. तिसरा पळत होता, त्याच्या पाठीत. मरून पडलेल्यावरही मारत राहिले. हेतल म्हणाली, "बस हवे, मरी गयो." तरी मारलं.

फार बरं वाटलं. लिहूनच ठेवते, फार म्हणजे फार बरं वाटलं. सगळ्या राक्षसांना मी चेहरा एकच लावला होता. कोणाचा ते सांगायला नको.

आई दारातून बघून म्हणाली, "शी! कसलं ते रक्त. बघवत नाही." मग जवळ येऊन वेणी घातली. प्लॅस्टरला धक्का लागू नये म्हणून किती जपते.

२९ नोव्हें., शनि.
बाबा उद्यासाठी लीलो चिवडा, बडोद्याचा तो ओलसर, घेऊन आले. उत्साहात. वर सूचना: आवाज चढवायचा नाही. आपले पणजोबा महाराजांच्या दफ्तरात होते, तेव्हापासून या घरात कोणी आवाज चढवलेला नाही म्हणे. खरं असेल. हळू आवाजातच सगळं दाबलं असेल.

हेतलसमोर पाठांतर. मी स्कूटरवरून पडले नाही. ह्याने माझा हात मोडला. दोन वाक्यं. वर्गात चाळीस पोरांना दटावणारी गणिताची बाई मी, आणि दुसरं वाक्य दरवेळी अर्धंच राहतं.

कुऱ्हाडवाली एकाच बॉसपाशी अडकलीय. हेतल म्हणते, तुझा मार जोरात आहे, पण बचाव काहीच नाही. एक मारलं की त्यानंतर काय, ते तू ठरवतच नाहीस.

३० नोव्हें., रवि.
क्रमाने लिहिते.

अकराला आले. अ., सासूबाई, त्याचे मामा. पांढरा शर्ट, वाकून बाबांच्या पाया पडला. चहा, चिवडा. हवापाणी. मामा म्हणाले, "भांड्याला भांडं लागायचंच." बाबा मान डोलवतायत. दादा मोबाइल बघतोय. हेतलने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मी स्कूटरवरून पडले नाही."

एवढंच. पुढचं वाक्य तोंडात होतं. अ. उठला, हसत माझ्याजवळ येऊन बसला आणि माझा प्लॅस्टरचा हात दोन्ही हातांत घेतला. सगळ्यांना प्रेमच दिसलं असणार. "मेघना, घरी चल. घरी बोलू." आणि बाहेर डोकावणारी माझी बोटं अंगठ्याने मागे वाकवली. हळूहळू. हसू तसंच.

प्लॅस्टर त्याच्या तोंडावर हाणलं.

सगळी ताकद लावून. नाकाचं हाड गेलं, मला हाताला कळलं. रक्ताची चिळकांडी शर्टावर, सोफ्यावर, चिवड्याच्या ताटलीत. तो ओरडत खाली बसला. पुन्हा हाणलं, कानावर. तिसऱ्यांदा हात उचलला तोवर दादाने मागून मला आवळलं. मामांनी खांदे धरले. धरायला सगळे काय पटकन उठले!

मी ओरडत होते, "यानेच मोडलाय हात, कपाटात घालून मोडलाय." ऐकलं सगळ्यांनी. कोणी वळून बघितलं नाही, तिथे रक्त जास्त होतं.
आई बर्फ घेऊन धावत आली. त्याच्यासाठी.

१ डिसें., सोम.
घरात सुतक. निकाल लागला: दोष गेमचा.

मामा जाताना बोललेच होते, "दिवसभर कुऱ्हाडी चालवते म्हणे, दुसरं काय होणार." (आईने गप्पांत सांगितलं असणार.) दादाने सकाळी कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात कुलूपबंद केली. हेतलला म्हणाला, हे सगळं तुझ्यामुळे. हेतल म्हणाली, "मारुं ऑफिस पण एनाच पर छे," आणि अशी काही बघत उभी राहिली की तासाभरात वायर परत आली.

अ. चार वर्षं कोणता गेम खेळत होता, ते कोणी विचारलं नाही.

हिशेब सरळ आहे. त्याने मारलं ते चार भिंतींत. मी मारलं ते सात जणांसमोर. एका फटक्यात मी मारकुटी बाई झाले आणि तो बिचारा. इतकी मूर्ख चाल करायला अक्कल लागते. आणि तरीही, ते नाक मोडलं तेव्हा बरं वाटलं. पश्चात्ताप येईल म्हणून दिवसभर वाट पाहिली. आला नाही. त्याची मात्र भीती वाटते.

३ डिसें., बुध.
हात सुजलाय. बोटं निळसर. प्लॅस्टरला तडा.

अ. चा मेसेज, बाबांच्या फोनवर. "मी मेघनाला माफ केलं आहे. तक्रार करणार नाही. रविवारी न्यायला येतो."

बाबांनी दोनदा मोठ्याने वाचला. डोळ्यांत पाणी. "बघ, किती मोठं मन आहे. दुसरा असता तर..." म्हटलं, बाबा, कपाटाचं ऐकलंत ना तुम्ही? म्हणाले, "रागात माणूस काय काय बोलतो." माझ्याबद्दल की त्याच्याबद्दल, कळलं नाही.

मला सासरची आठवण म्हणून फक्त ते दार दिसतं. परत गेले तर या वेळी मनगटावर थांबणार नाही तो. नाकाचा हिशेब राहिलाय.

५ डिसें., शुक्र.
सयाजीगंजात हाडाच्या डॉक्टरांकडे. दादा कामावर, म्हणून बाबा बरोबर आले. प्लॅस्टर कापलं. आतला हात बघून बाबांनी तोंड फिरवलं.

नवा एक्सरे. डॉक्टर बराच वेळ बघत बसले. "बेन, आ केवी रीते थयुं?"
बाबा म्हणाले, "स्कूटरवरून पडली."
डॉक्टर म्हणाले, "काका, मी तिला विचारतोय."

ओरडले नाही. आवाज चढवला नाही, पणजोबांना चाललं असतं. नवऱ्याने कपाटाच्या दारात घालून मोडला, म्हटलं. रविवारी मी त्याच हाताने त्याचं नाक फोडलं, त्यामुळे तो परत दुखावला. दोन्ही सांगितलं. एकच सांगितलं असतं तर मीही स्कूटरच सांगितल्यासारखं झालं असतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं असेल तर पोलिसांना कळवावं लागेल. तुमचंही त्यात येईल. लिहू?"
बाबा खुर्चीतून अर्धवट उठलेले. "मेघू."
म्हटलं, लिहा.



६ डिसें., शनि.
पोलिस ठाण्यातून तिथल्या एका बाईंचा फोन. सोमवारी अकराला जबाब. हेतलने सुट्टी टाकली. उद्या अ. न्यायला आला तर दार उघडायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. दादा म्हणतो विचार कर, त्यांनीही उलट तक्रार केली तर? करतील. नाकाचा एक्सरे त्यांच्याकडेही असणार. वकील बघायला हवा.

आता प्लॅस्टर कोपराच्या वर गेलंय. गेममध्ये नवा हंगाम सुरू झालाय, सगळे परत शून्यापासून. हेतलने दुपारी नवी माणसं दाखवली. ढालवाली एक आहे, मार अडवते आणि मगच मारते. हळू चालते, दिसायला अगदी सामान्य. बघू म्हटलं. आज हात शिवशिवत नव्हता.

चहाच्या वेळी बाबा आले. सकाळपासून पेपरच्या आड होते. उभे राहूनच विचारलं, "सोमवारी ते जे लिहून घेतील, त्यात माझं नाव येईल का?"

मला वाटलं होतं, हाताचं विचारतील. इतकं लागलं की तेवढ्यापुरतं मनगट विसरले.

म्हटलं, बाईच्या नावापुढे नवऱ्याचं लिहितात, नाहीतर वडिलांचं. कुठलं लिहू ते तुम्ही सांगा.

दिवे लागले. आईने दोनदा जेवायला हाक मारली. बाबांनी अजून सांगितलेलं नाही.