लिफ्टवाल्याची साक्ष

२ फेब्रुवारी

फाशीची तारीख ठरली. बावीस, पहाटे. बातमी चौथ्या पानावर, बुटांच्या जाहिरातीखाली. दोन म्हाताऱ्या जिवांना त्यांच्याच बैठकीच्या खोलीत पान्याने ठेचणाऱ्या प्लंबरला सरकारने सतरा वर्षं पोसलं. मध्यंतरी त्याच्या दाढा काढून दिल्या, चष्मा करून दिला. माझा चष्मा मी माझ्या पैशाने करते.

खटला आमच्याच कोर्टातला. साक्षी मी टाइप केल्या, निकालही मीच. शेवटचं पानही मी एका दमात टाइप केलं. आज पुन्हा टाइप करायला सांगितलं तरी करीन.

३ फेब्रुवारी

धाकटा भाऊ वरच्या मजल्यावरून पेपर घेऊन उतरला. आयुष्यभर विमा कंपनीत मेलेल्या माणसांची किंमत ठरवली, आणि निवृत्त झाल्यावर याला माणसाच्या जिवाचं मोल कळलं!

म्हणाला, “ताई, चूक झाली असेल तर माणूस परत आणता येतो का?”

म्हटलं, “मग ऑपरेशनं पण बंद करा. टेबलावरही माणसं मरतात.”

“डॉक्टर मारायला म्हणून हात घालत नाही.”

 मी त्याला सांगितलं की तुझा चहा निवतोय.

जन्मठेप द्या म्हणतो. आणि ते म्हातारा-म्हातारी? त्यांना काय दिलं? फाशीने गुन्हे थांबत नाहीत, आकडे आहेत म्हणे. मी थांबवायला म्हणून म्हणतच नाही. जे केलं त्याच्या मापाचं काहीतरी परत मिळावं, एवढंच म्हणते. मिशनच्या शाळेत पाटी फोडली तरी मदर उभं करायच्या. इथे दोन डोकी फोडली.

५ फेब्रुवारी

प्लंबरची नवी वकीलबाई घरी आली. तिशीचीही नसेल. हातात हेल्मेट, पायात पुरुषी बूट. दारातच “मावशी” म्हणाली. मी हिची मावशी कधी झाले?

सतरा तारखेला वरच्या कोर्टात स्थगितीचा अर्ज आहे. त्यानंतर काही उरत नाही, म्हणाली. तिला लिफ्टवाल्याच्या साक्षीबद्दल विचारायचं होतं. त्या संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या मजल्यावर कोण गेलं हे पाहणारा तो एकटाच. साक्षीच्या पानावर लिहिलंय, “हाच तो इसम. मी त्याला ओळखतो.” लिफ्टवाला वारला. पण त्याची मुलगी म्हणते, बाबा घरी नेहमी सांगायचे, मी नुसती पाठ बघितली होती.

म्हटलं, घरी माणसं काय वाटेल ते सांगतात. कोर्टात शपथेवर सांगतात.

“पण मावशी, तुम्ही त्याचे शब्द लिहीत होतात का?”

हे या पोरींना शिकवतच नाहीत वाटतं. आमच्याकडे प्रश्न लिहायचे नाहीत, उत्तरंही जशीच्या तशी नाहीत. साक्षीदार बोलतो, रडतो, घसा खाकरतो. जज्जसाहेब त्यातलं सार काढून दोन वाक्यं सांगतात. मी ती थेट मशिनवर घेते. पाच प्रती, मध्ये चार कार्बन. खाली साक्षीदाराची सही, साहेबांची सही. झालं. असं चौतीस वर्षं केलं. माझ्या पानावर कधी खाडाखोड सापडली नाही. नव्या टायपिस्ट मुलींना माझी पानं नमुना म्हणून दाखवायचे.

तिला हे सगळं ऐकवलं आणि वाट दाखवली. पाणी तेवढं दिलं.

६ फेब्रुवारी

पाणी द्यायला नको होतं. कार्ड ठेवून गेली.

९ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरकडे त्या म्हाताऱ्यांची मुलगी भेटली. तिनेच आई-वडलांना पहिल्यांदा पाहिलं होतं. साक्ष देताना माझ्यासमोर दीड हातावर उभी होती, म्हणून मला ओळखते. केस पांढरे झालेत.

म्हणाली, तिच्या मोरीचा नळ अकरा वर्षं गळतोय. खाली बादली ठेवते, भरली की झाडांना घालते. प्लंबरला घरात घेववत नाही. “बावीस तारखेनंतर घेईन म्हणते.”

मी म्हटलं, घ्याल.

आता वरच्या मजल्यावरच्या विद्वानांनी या बादलीचं उत्तर द्यावं. घरी आल्यावर धाकट्याला विचारलंच. त्याने हातातल्या पेपरची घडी केली. मग म्हणाला, “नळ त्याने दुरुस्त होईल असं वाटतं तुला?” अशी माणसं घरात असल्यावर शत्रू कशाला हवेत.

११ फेब्रुवारी

रुमाल वाळत घालताना एकदम आठवलं. बोलावलं नसताना.

लिफ्टवाला पिंजऱ्यात उभा. सरकारी वकिलाने विचारलं, हाच का? लिफ्टवाला आरोपीकडे बघत राहिला. इतका वेळ, की मी जुना कार्बन काढून नवा लावला, कागदाच्या कडा ठोकून सरळ केल्या. तरी तो बघतोच आहे. मग म्हणाला, “पाठ बघितली होती साहेब. अंगाने असाच होता.”

असाच होता. हाच होता, असं नाही.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीडला पाच कमी. आणि मला सांगितलं, “लिहा. हाच तो इसम. मी त्याला ओळखतो.”

जेवणाच्या सुट्टीसाठी! निकाल अडीच महिन्यांनी. तोवर साहेबांनी आणखी शंभर साक्षी ऐकल्या असतील. निकाल पानावरून लिहितात, आठवणीवरून नाही. वरच्या कोर्टानेही तेच पान वाचलं, दयेच्या अर्जाबरोबर तेच पान गेलं. सगळ्यांनी एका माणसाच्या भुकेवर विश्वास ठेवला.

१२ फेब्रुवारी

डोकं तापलंय. ज्या माणसाला मी रोज सकाळी उभं राहून गुड मॉर्निंग म्हणत होते, त्याने हे केलं. दुसऱ्यांनी तारखेला पाच मिनिटं उशीर केला तर साहेब ओरडायचे.

धाकट्याला सांगितलं. तो खूश. “म्हणजे ताई, आता तू माझ्या बाजूने?”

“मी कुणाच्या बाजूने नाही. प्लंबर साधू आहे असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्याचं घड्याळ त्याच्याकडे सापडलं. मजुरीच्या बदल्यात मिळालं म्हणतो. तसं काय, कुणीही म्हणेल. ज्याला मारायचं त्याला मारा. पण आधी जे बोललं गेलं ते लिहा.”

“आणि लिहिणारा माणूसच असला तर?”

“म्हणजे?”

“भूक लागणारा.”

त्याला म्हटलं, वर जा.

पण ते वाक्य काही वर गेलं नाही. इथेच बसलंय. साहेब वाईट नव्हते. लाच घेतली नाही, कुणाला शिवी दिली नाही. अशाच माणसांच्या हातात दोर द्यायचा असतो ना? याहून बरी माणसं कुठून आणणार?

१३ फेब्रुवारी

वकीलबाईला फोन केला. उद्या येते म्हटलं. “थँक यू मावशी.” मी फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

वकीलबाईचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर. जिना इतका अरुंद की वजनदार अशील परतच जात असावा. प्रतिज्ञापत्र तयार झालं. मी सांगितलं, तिने कॉम्प्युटरवर घेतलं. दोन बोटांनी टाइप करते. बघवत नव्हतं.

लिफ्टवाला काय बोलला, साहेबांनी काय लिहायला लावलं, घड्याळात किती वाजले होते, सगळं घातलं. साहेबांना जाऊन आठ वर्षं झाली. कोर्टाच्या लायब्ररीत त्यांचा फोटो आहे. तो उतरवावा लागला तरी चालेल असं मी तोंडाने म्हटलं, तेही घाला म्हटलं. तिने घातलं नाही.

मग म्हणाली, “इतक्या वर्षांनी तुम्हाला आठवलं, याला ते हसतील. कागदाचा काही आधार?”

म्हटलं, माझी रोजनिशी आहे. एक दिवस चुकवलेला नाही.

तिचा चेहराच बदलला. प्रतिज्ञापत्रावरची सही वही पाहिल्यावर, सोळा तारखेला करू, म्हणाली.

त्या म्हाताऱ्यांच्या मुलीची बादली सारखी डोळ्यांपुढे येते. तिला कोण सांगणार? बहुतेक मीच.

१५ फेब्रुवारी

धाकट्याने शिडी लावून माळ्यावरची ट्रंक उतरवली. वह्यांना वाळवी नाही, मी दरवर्षी ऊन दाखवते. भावजय खालून शिडी धरून उभी. म्हणाली, “ताई, या वह्यांत माझ्याबद्दल काय काय आहे हो?”

“खरं तेच.”

“मग कोर्टात एकच वही द्या बाई.”

हसलो तिघंही. खूप दिवसांनी. हवं ते वर्ष सापडलं. सकाळी शांतपणे उघडीन, आज डोळे चुरचुरतायत.

१६ फेब्रुवारी

त्या दिवसाची नोंद, उतरवून घेते:

“लिफ्टवाल्याची साक्ष. साहेबांनी ‘मी त्याला ओळखतो’ सांगितलं. ओळ संपल्यावर म्हणाले, मध्ये ‘बहुधा’ घाला. पाच प्रती खोडायच्या म्हणजे सगळं पान परत. सुट्टी झालेली. घातलं नाही. साक्षीदार आणि साहेब, दोघांनीही न वाचता सही केली. पान छान स्वच्छ दिसतं. येताना चपला शिवून घेतल्या.”

तीनदा वाचलं. अक्षर माझंच आहे.

वकीलबाईला फोन केला. प्रतिज्ञापत्रातून साहेबांना काढा, म्हटलं. त्या जागी माझं नाव घाला. ती म्हणाली, “मावशी, तुमच्यावरच केस होईल.” म्हटलं, होऊ दे.

वही पिशवीत घातली. निघते.