राखीव खेळाडूच्या नावे घर

मी, ओझेला ममफर्ड, विधवा, वय चौऱ्याऐंशी, धंदा पूर्वी कापूस वेचणे व हल्ली सगळ्यांना बोल लावणे, राहणार स्वीटगम बेंड, अलाबामा, आपल्या घराच्या ओसरीत बसून हे मृत्युपत्र तोंडी सांगते आहे. मला अक्षर येत नाही. लिहून घेणारी आमच्या चर्चची कारकून, क्लॉडेल हबर्ड. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं क्लॉडेल म्हणते. कोणाच्या दडपणाखाली मी हे करत नाही. माझा धाकटा मुलगा ल्यूथर उन्हाळ्यापासून दडपण आणून बघतो आहे, पण ते लागू पडलेलं नाही.

कलम एक. माझी बिडाची कढई ल्यूथरच्या बायकोला, बर्नडीनला, कोणत्याही कारणाने मिळू नये. वर्षानुवर्षं चरबी पिऊन काळी कुळकुळीत झालेली ती कढई तिने इस्टरच्या दिवशी साबणाने घासली. मी तिला माफ केलं आहे, चर्चमध्ये, सगळ्यांदेखत. कढईने केलेलं नाही. कढई क्लॉडेलकडे जावी असं क्लॉडेलने स्वतःच दोनदा सुचवलं, परंतु साक्षीदाराला काही देता येत नाही, हे तिनेच मला आधी सांगून ठेवलं होतं. तेव्हा कढई घराबरोबर जाईल.

कलम दोन. सदर घर, मागची जमीन, पीकान अक्रोडाची झाडं आणि झाडांखाली निजलेली आमची माणसं, हे सर्व मी माझ्या थोरल्या, कैलासवासी मुलाचा मुलगा, म्हणजे माझा नातू थेरॉन, याला देते. त्याला मीच वाढवला.

थेरॉन फुटबॉलच्या, आमच्या इकडच्या चेंडू हातात धरून धावायच्या फुटबॉलच्या, मोठ्या संघांत क्वार्टरबॅक होता. म्हणजे चेंडू ज्याच्या हातात येतो आणि सगळे ज्याच्या हुकमावर धावतात, तो. फक्त हा दुसरा. पहिला धडधाकट असेतो याने टोपी घालून कडेला उभं राहायचं. मेले पहिले सगळे धडधाकटच निघाले. अकरा मोसम, सहा संघ. एकदा मला त्याने आपली जर्सी आणून दिली, तर तिच्यावर मातीचा ठिपका नाही, इस्त्रीची घडीसुद्धा शाबूत. ल्यूथर म्हणाला, "आई, दुकानात परत घेतील बघ."

पण पोरगं रिकामं बसत नव्हतं. रविवारी ज्या संघाशी गाठ, त्यांच्या क्वार्टरबॅकचं सोंग याने आठवडाभर सरावात घ्यायचं. तसंच चालायचं, तसंच फेकायचं, त्याच्याच शब्दांत ओरडायचं, म्हणजे आपल्या लोकांना सवय होते. थेरॉन इतकी हुबेहूब सोंगं घ्यायचा की प्रशिक्षक खूश.

मग एका रविवारी पहिल्याचा खांदा निखळला आणि थेरॉनला आत पाठवलं. माझ्या बाळाने आठवडाभर घोकलेला हुकूम खणखणीत आवाजात दिला. समोरच्या संघाचा! याचे लोक तोंड वळवून याच्याकडे बघत राहिले. समोरच्यांनी तो हुकूम आपल्या माणसाच्या तोंडून अख्खा उन्हाळा ऐकलेला, ते सवयीने सगळे डावीकडे पळाले. मैदान मोकळं! थेरॉन चेंडू घेऊन धावला, मी टीव्हीसमोर उभी राहिले, आणि कुठं जावं ते न कळलेला त्याचाच एक दांडगा गडी त्याच्यावर येऊन आदळला. चेंडू गेला, सामना गेला. ल्यूथर अजून सांगतो, "दोन्ही संघांना एकाच दमात फसवणारा जगात आमचा एकटाच."

यंदा त्याला कोणी ठेवलं नाही. तेव्हापासून तो माझ्या पायरीवर बसून असतो, बॅग दाराशी भरलेली, फोन मांडीवर. कुठल्यातरी संघाचा माणूस जायबंदी झाला की बोलावणं येतं. कोणाला इजा होऊ नये आणि फोन मात्र यावा, अशा दोन्ही प्रार्थना तो एकदम करतो. देवाने तरी काय करावं? इकडे गावच्या शाळेला फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक हवा आहे. हो की नाही ते आज दुपारी बाराच्या आत सांगायचं आहे. मी यावर बोलायचं नाही असं थेरॉनने मला बजावलं आहे, म्हणून मी बोलत नाही, लिहवून घेते. ज्याला घर दिलं तो घरात राहावा. मला वारस हवा आहे, पायरीवरचा उतारू नको.

कलम तीन. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला एक व्यवस्थापक लागतो आणि त्याला जमलं नाही तर दुसरा. मी सांगितलं, पहिला थेरॉन, दुसरा ल्यूथर.

पायरीवरून थेरॉन म्हणाला, "आजी, पहिलं नाव काकांचं घाल ना. मी दुसरा बरा. तयारीत राहीन."

शेजारच्या खुर्चीत बसलेला ल्यूथर मांडीवर थाप मारून हसला. "घ्या! इथंसुद्धा कडेलाच!"

तेवढ्यात फोन वाजला. पश्चिमेकडचा कुठलासा संघ. त्यांचा दुसरा जायबंदी झाला, संध्याकाळच्या विमानाने या. थेरॉनने बॅग उचलली. मी तोंड उघडलं नाही याची नोंद व्हावी. क्लॉडेल साक्षीला आहे. मी तिला एवढंच म्हटलं, "खोड. पहिला ल्यूथर."

ल्यूथरचं हसू विरलं. "म्हणजे मी काय काय करायचं, आई?"

"आधी मला पुरायचं कुठं ते दाखव."

त्याने बोट दाखवलं तिथं मैल्याची टाकी आहे.

"काका, तिथं नाही!" थेरॉन फोन कानाला तसाच धरून त्याच्या मागे येऊन उभा राहिला. "आजोबांच्या डावीकडे. उजवीकडे झाडाची मुळं आहेत. आणि खंडाने शेत करतात त्या मोझलींना पीक निघेपर्यंत हलवू नका. विहिरीचा पंप दोनदा दाबायचा, मग लाथ."

"लाथ," ल्यूथर पुटपुटला. त्याला घाम फुटला होता.

आता मात्र मी बोलले. "सगळं येतंय, तर मागे का उभा राहतोस रे?"

"पुढच्याचं काही बिघडलं तर कोणीतरी हवं ना, आजी."

"बाळा, पुढचा बिघडलेलाच आहे. बघ त्याच्याकडे!"

"अगं आई!" ल्यूथर म्हणाला.

थेरॉनने काकाकडे नीट बघितलं, आणि यंदा पहिल्यांदाच पोट धरून हसला. मग फोनवर म्हणाला, "साहेब, अजून आहात ना? तुम्ही दुसरा कोणीतरी बघा. मला इथं पहिलं काम आहे."

सबब खोडलेलं पुन्हा लिहिण्यात येत आहे. पहिला व्यवस्थापक थेरॉन ममफर्ड, दुसरा ल्यूथर ममफर्ड. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून झाली आहे.

हे मला वाचून दाखवलं. क्लॉडेलने बर्नडीनबद्दलचं जरा मऊ करून वाचलं, ते मी पुन्हा कडक करून घेतलं. मग राजीखुशीने अंगठा केला.

ओझेला ममफर्ड, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: क्लॉडेल हबर्ड, ओटिस ब्रीलंड, टपालवाले, पत्रं टाकायला आले असता थांबवून घेतले

दुसरा व्यवस्थापक, मान्य: ल्यूथर ममफर्ड

पहिला व्यवस्थापक, मान्य: सही राहिली आहे. बाराच्या आत शाळेत पोचायचं म्हणून गृहस्थ धावत गेले.

स्वीटगम बेंड, अलाबामा. १७ ऑक्टोबर २०१९