उलट्या वायरी

शनिवार, १५ मार्च

उलट्या! वायरी मी उलट्या जोडल्या. अकरा दिवसांपूर्वी, माझ्याच हातांनी.

बोटीच्या धक्क्याचे लोखंडी खांब दर पंधरवड्याला मीटर लावून मोजायचे असतात, तशी आज गेले. हवे होते उणे साडेआठशे मिलिव्होल्ट. आले उणे सहाशे चाळीस. वाटलं, मीटरची बॅटरी गेली. बदलली. तेच. मग खांबांना वीज पुरवणाऱ्या यंत्राची पेटी उघडली. यंत्र दुरुस्तीहून आलं तेव्हा चार तारखेला मीच बसवलं होतं. लाल वायर खांबांकडे, काळी पाण्यातल्या पट्ट्यांकडे. नवखासुद्धा असं करत नाही!

अँपिअरचा काटा त्या दिवशी शून्यावरच होता. म्हटलं, अडकला असेल. घाईत होते. कसली घाई, ते आता आठवतही नाही.

यंत्र बंद केलं. स्क्रू ड्रायव्हर हातात होताच. पाच मिनिटांचं काम — वायरी बदलायच्या, पेटी लावायची, घरी जायचं. कोणाला कळणार होतं?

नाही बदलल्या. तशीच पेटी लावून आले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.

रविवार, १६ मार्च

जेवण गेलं नाही. घरात सांगितलं, पित्त झालंय.

सोमवार, १७ मार्च

सांगून टाकलं. साहेबांच्या खोलीत उभ्या उभ्याच. बसले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता.

"तुम्ही? अहो, नव्यांना शिकवता तुम्ही!"

मान खाली.  त्यांनी फोन उचलून धक्का बंद करायला सांगितला, पाणबुड्याला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौकशी होईल." बाहेर आले तर भूक लागलेली! दोन दिवसांनी. लाज वाटली, पण डबा सगळा संपवला.

संध्याकाळी नवरा तणतणत घरी आला. बोट तोच चालवतो ना. "जुन्या धक्क्याला लावायला लावली! तीनशे माणसं मला शिव्या घालतायत. कोणीतरी गाढवाने वायरी उलट्या जोडल्यात म्हणे."

"मीच ते गाढव."

एक बूट पायात, एक हातात. तसाच बसला.

"म्हणजे नक्की काय होतं त्याने?"

सांगितलं. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. आपण पाण्यातल्या पट्ट्यांमधून खांबांकडे थोडी थोडी वीज सोडत राहतो, म्हणून खांब टिकतात. उलटी सोडली की खांबच झिजायला लागतात. भराभर.

"आणि माझी माणसं वर उभी."

"हो."

 उठला, चहा करून आणून ठेवला. साखर विसरला होता. प्यायले.

मंगळवार, १८ मार्च

आमचे पाणबुडे — सगळे त्यांना बुडबुडे म्हणतात, खरं आडनाव कोणाला ठाऊक नाही — सकाळी उतरले. खांब अठ्ठेचाळीस. दिवसभरात नऊ झाले. प्रत्येक खांबाची जाडी ते खालून सांगतात, मी वर लिहून घेते. अक्षर माझं वाटत नाही.

गुरुवार, २० मार्च

वाचले!!

दुपारी बुडबुडे धक्क्याच्या पोटाखालून ओरडले, "बाई, इकडे या!" वाकून बघितलं. पट्ट्यांकडे जाणारी जाड वायर तुटून हवेत लोंबकळत होती. वरून दिसतच नाही ती जागा. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं त्या महिन्यात कुठलीतरी होडी आत घुसली असणार.

"तुमची वीज पाण्यापर्यंत पोचलीच नाही की हो! उलटी काय नि सुलटी काय!"

काटा अडकला नव्हताच. शून्य म्हणजे शून्यच होतं. आणि ते सहाशे चाळीस — वीज नसली की लोखंड तेवढंच दाखवतं. उलटी वाहिली असती तर आकडा शून्याकडे आणखी कितीतरी घसरला असता. वीस वर्षं हेच काम करते, पण घाबरल्यावर एवढं साधं सुचू नये! तिथेच फळीवर बसले. हसू की रडू, दोन्ही एकदम. बुडबुडे पाण्यातून बघत राहिले. म्हणाले, "चालू द्या."

जाडीही ठीक. आतापर्यंत बघितलेले छत्तीसच्या छत्तीस खांब.

साहेब म्हणाले, चौकशी होईलच, पण नोकरीचं टेन्शन घेऊ नका. उद्याच धक्का सुरू करू म्हणत होते. बुडबुडे अडून बसले — "काठाकडची रांग राहिलीय. भिजलोच आहे तर बघून घेतो."

शुक्रवार, २१ मार्च

दहा तास झोपले. नवरा सगळ्यांना सांगत सुटलाय, आमच्या घरात शून्याला फार मान आहे.

शनिवार, २२ मार्च

काठाकडच्या रांगेतला शेवटचा खांब. धक्का बांधला तेव्हापासून त्याला वायरच नाही. जोडायची राहून गेली, आणि आम्ही मोजतो ते फक्त पुढचे. माणसं ज्या पुलावरून धक्क्यावर येतात, तो याच खांबावर टेकलाय. बुडबुड्यांनी जाडी घ्यायला शिंपले खरवडले, तर खरवडणी आत गेली. मग हात. कोपरापर्यंत.

वर येऊन मुखवटा काढला आणि हळूच म्हणाले, "बाई, तिथे खांब नाहीये. नुसते शिंपले उभे आहेत."