फिरती खुर्ची आणि तीन काउंटर

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. अप्पांनाही सांग, पण ते टेकून बसले असतील तेव्हा सांग. उभे असले की माझं नाव निघताच त्यांना बाहेरचं काम आठवतं. दाजींचा खोकला गेला का? तुझी पाठ काय म्हणते? माझं विचारशील तर तब्येत ठणठणीत आहे, फक्त जेवताना, अंथरुणावर पडल्यावर आणि राजे समोर आला की छातीत जळजळ होते. डॉक्टर म्हणाला, पित्त आहे. डॉक्टरने राजेला अजून पाहिलेलं नाही.

तर हा राजे म्हणजे आमच्या दुकानातला पहिल्या काउंटरवरचा सेल्समन. नाव वेगळं आहे, पण त्याला सगळे राजेच म्हणतात आणि तो ‘ओ’ देतो, यात काय ते समज. आमच्या दुकानात टीव्हीला जोडून खेळायची गेमची मशीनं मिळतात, हे तुला फोनवर सांगितलं होतं (तू विचारलंस, मोठी माणसं पण घेतात का? ताई, मोठीच जास्त घेतात, लहानांचं नाव सांगून). तीन कंपन्या, तीन काउंटर. राजेकडे पहिल्या नंबरची कंपनी. तिचं आधीचं मशीन इतकं खपलं होतं, की लोक कुठलंही मशीन मागताना तिचंच नाव घ्यायचे. माझ्याकडे दुसरी कंपनी. तिचं मशीन चौकोनी आणि काळं, दिसायला बंद पडलेल्या इस्त्रीसारखं. तिसरं काउंटर जिन्याखाली. तिथे मावशी बसते (आपली नव्हे, दुकानात सगळे तिला मावशीच म्हणतात), म्हणजे उभी असते. ती वहीएवढी, हातात धरून खेळायची छोटी मशीनं विकते. मावशी आधी बालवाडीत शिकवायची. तिच्या कंपनीला आम्ही कंपनी म्हणतच नव्हतो.

आमच्या मालकाची एक रीत आहे. दुकानात बसायला एकच खुर्ची, फिरती, चाकांची, पाठीला उशी असलेली. दर सोमवारी गोदामवाला तिन्ही काउंटरच्या फळ्यांवरच्या रेघा मोजतो (एक मशीन विकलं की एक रेघ), आणि ज्याच्या रेघा जास्त, त्याच्या काउंटरला ती खुर्ची जाते. बाकीचे उभे. मी आलो तेव्हापासून खुर्ची राजेकडेच होती. अप्पा म्हणतात, माझ्या बुडाला चाकं आहेत, दीड वर्षात चार नोकऱ्या झाल्या. इथे राजेच्या बुडाला खरीच चाकं होती आणि लोक त्याला मान देत होते. ताई, मी खोटं नाही सांगत, मला त्या खुर्चीची स्वप्नं पडायची. स्वप्नातही राजेच बसलेला असायचा.

त्यात या वर्षी तिन्ही कंपन्यांची नवी मशीनं एकदमच आली. मालकाने जाहीर केलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शाखा निघतेय, आणि तीन महिन्यांत ज्याच्या रेघा जास्त, तो त्या शाखेचा प्रमुख. मी मनाशी म्हटलं, हे एकदा मिळालं की अप्पांना ‘हा कुठे टिकत नाही’ म्हणायला तोंड राहणार नाही. दुसरं मला काही नको होतं. खुर्ची सोडून.

पहिल्या कंपनीचा एक कोटवाला साहेब दुकानात आला. म्हणाला, नव्या मशीनची किंमत वाढवलीय, जुन्या खेळांच्या डिस्क त्यात चालणार नाहीत, आणि मशीन काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मावशीने विचारलं, “मग कळायचं कसं माणसाला, कसं आहे ते?” साहेब म्हणाला, “बाई, लोकांना कळायची गरज नाही. आमचं आहे एवढं कळलं की झालं.” राजेने मान अशी हलवली, जणू हे वाक्य त्यानेच साहेबाला शिकवलं होतं. किल्ली त्याने गळ्यात अडकवली. त्या किल्लीवरही मी जळलो, ताई. माझ्याकडे कुलूप लावण्यासारखं काही नव्हतंच.

झालं असं, की लोक पेटीपाशी यायचे, काचेला नाक लावायचे आणि म्हणायचे, जरा खेळून बघू का. राजे खुर्ची न वळवता बोट दाखवायचा. “तिकडे जाऊन खेळून घ्या. हौस फिटली की इकडे या घ्यायला.” तिकडे म्हणजे माझ्याकडे. म्हणजे मी काय, त्याच्या गिऱ्हाइकांचं पाळणाघर. मी दात-ओठ खात त्यांच्या हातात कंट्रोलर द्यायचो (दोन्ही हातांनी धरून बटणं दाबायची ती वस्तू). एक दिवस एक नळ दुरुस्त करणारा माणूस आला, खोकाभर जुन्या डिस्क घेऊन. राजे त्याला म्हणाला, “या घरीच ठेवा, आठवण म्हणून.” तो बिचारा खोकं उचलून पाच पावलं चालला आणि माझ्यासमोर थांबला. माझ्या इस्त्रीत त्याच्या डिस्क चालल्या, कारण दोन्ही कंपन्यांची मशीनं आधी एकाच कारखान्यात बनायची म्हणे. मला त्यातलं कळत नाही, मी फक्त ‘चालतात की’ म्हणालो. त्याने तिथल्या तिथे मशीन घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाताखालचे चौघे आले. आणि पेटीकडून पाठवलेली मंडळी माझ्याकडे एकदा खेळली की परत राजेकडे जाईचनात. सहाव्या सोमवारी गोदामवाल्याने रेघा दोनदा मोजल्या आणि खुर्ची ढकलत माझ्याकडे आणली. तिची चाकं फरशीवर वाजत होती, ताई, तसं वाजलेलं मी जन्मात काही ऐकलं नाही.

आता पुढचं जरा हळू वाच.

पहिला दिवस मी नुसता बसलो. दुसऱ्या दिवशी पाठ टेकली. तिसऱ्या दिवसापर्यंत मला एक बोट वर करून गिऱ्हाइकाला थांबवता येऊ लागलं. खेळायच्या मशीनवर बोटांचे डाग पडतात म्हणून मी त्यावर फडकं टाकलं. माझ्या कंपनीने एक कागद पाठवला, ‘प्रगतिशील विक्रेता’, तो मी राजेला दिसेल असा लावला, मग त्याला नीट दिसेना म्हणून अजून खाली लावला. आणि हो, अप्पांना मी कार्ड टाकलं की शाखा मिळाल्यातच जमा आहे. तेव्हा अजून महिना बाकी होता. पण माझ्या आणि राजेच्या रेघांत तेवीसचा फरक होता. मावशीच्या रेघा मी बघतच नव्हतो. जिन्याखालचा फळा कोण बघतं?

त्या महिन्यात माझ्याकडे किरकोळ गिऱ्हाइकं फार यायची. एक आजी आल्या, नातवासोबत खेळायचंय म्हणाल्या. मी बसल्या बसल्या सांगितलं, “आजी, हे तुम्हाला झेपायचं नाही. तिकडे जिन्याखाली छोटी खेळणी आहेत.” एक बसचालक आला, त्याचा टीव्ही मोडला होता. त्यालाही जिन्याखाली. ज्यांचं ज्यांचं बोलणं लांबेल असं वाटलं, त्यांना मी तिकडेच पाठवलं. मला वाटलं, मावशीवर उपकार करतोय. तिचंही बिचारीचं खातं उघडू दे. मावशी काय करायची, तर आधी विचारायची, खेळणार कोण, त्याचा हात केवढा आहे. मग मशीन हातात द्यायची आणि गप्प उभी राहायची. त्या आजींनी घेतलं. त्यांच्यासोबत सकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्या बायका आल्या. बसचालकाच्या मागे अख्खा डेपो आला. मी खुर्ची फिरवून ती गर्दी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढी माणसं, पण आपल्या लायकीचं एकही नाही.

शेवटच्या दिवशी गोदामवाल्याने तिन्ही फळे मध्ये आणून ठेवले. राजे तिसरा. मी दुसरा. मावशी माझ्या चार पुढे.

मी सांगितलं, चुकलंय, परत मोज. त्याने परत मोजलं. मग मी तिथेच उभा राहून आठवून आठवून बोटांवर मोजलं, मी स्वतः किती जणांना जिन्याखाली पाठवलं ते. अकरा निघाले. राजे माझ्या मागे उभा होता. मला वाटलं, आता हा हसणार, आणि हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “मी तुझ्याकडे किती पाठवले ते मी कधी मोजलं नाही. तू निदान मोजलेस.” तीन महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलला.

शाखा मावशीला मिळाली. खुर्चीही तिच्याकडे गेली. ताई, ती तिच्यावर बसत नाही गं. गिऱ्हाइकांतलं कुणी म्हातारं आलं तर त्याला बसवते, नाहीतर स्वतःची पिशवी ठेवते. ती ऐटीत बसली असती तर मी नीट जळलो असतो आणि मोकळा झालो असतो. आता धड जळताही येत नाही. पिशवीवर काय जळायचं? (थोडं जळतो.)

बाकी सर्व ठीक. दाजींना गरम पाणी प्यायला सांग. चुकलंमाकलं पोटात घाल, अक्षरही घाल.

तुझा,
धाकटा

ता. क. अप्पांना शाखेचं कार्ड पोचलं असेल. त्यांना लगेच काही सांगू नकोस. आधी सांग की शाखेचं ठिकाण लांब आहे. आठवड्याने सांग की मावशी अनुभवी आहे. पंधरा दिवसांनी मी स्वतः सांगीन, बहुतेक पत्रानेच.

ता. क. २. मूळ काम राहिलंच. मावशीला नव्या शाखेत हाताखाली एक माणूस हवा आहे. राजे आणि मी, दोघांनीही विचारलं. ती म्हणाली, घरच्या कुणा वडीलधाऱ्याकडून लिहून आणा, की हा माणूस लागून राहून काम करतो का. अप्पांना विचारायची सोय नाही, ते खरं लिहितील. म्हणून तू लिही. मी आजवर एकही काम अर्धवट सोडलेलं नाही, असं लिही. तुझं अक्षर सुंदर आहे, तुझ्या अक्षरात ते पटेल.

ता. क. ३. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. मावशीकडे राजेच्या शिफारशीची चिठ्ठी आली. त्याच्या मोठ्या भावाची आहे, टाइप केलेली, खाली भावाच्या हापिसाचे तीन शिक्के. मला त्याचं काहीच वाटलं नाही. तू शिकवतेस त्या शाळेच्या कचेरीत शिक्के असतीलच. चार मार.