तारांची की ओतीव

प्रिय वहिनी,

फोनवर तू हल्ली विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. मी चाकांचं विचारलं की तुला नेमकं त्याच वेळी वॉर्डातून बोलावणं येतं. पत्र वाचताना तसं काही येणार नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते तुला ठाऊक आहेच. चष्मा लाव. तुझ्या चष्म्याच्या काचा मीच घासून दिल्यात, तेव्हा दिसत नाही ही सबब चालायची नाही.

तर दादाच्या मोटारसायकलची दोन्ही चाकं गेली. रिमना आतून गंज धरलाय आणि तारांची टोकं बोटाने दाबली तरी भुगा पडतो. मिस्त्री म्हणतो, दोनच वाटा आहेत. एक तर तारांची चाकं नवी बांधून घ्यायची, नाहीतर अलॉयची बसवायची. अलॉयची म्हणजे अख्खी एकसंध ओतलेली. त्यांत तारा नाहीत, की टायरमध्ये ट्यूब नाही. तुझं हॉस्पिटलातलं वर्षाचं ट्रेनिंग संपलं की आपण समुद्रापर्यंत जाणार, असं तू निघतानाच ठरलं होतं, म्हणून मी घाई करत होते. दोनदा तुझं मत विचारलं. दोन्हीदा तू म्हणालीस, तुला बरं वाटेल ते कर. अगं, या घरात पडद्याचा रंगसुद्धा तू मला कधी एकटीला ठरवू दिला नाहीस, आणि चाकांच्या बाबतीत एकदम माझी अक्कल तुला पुरेशी वाटायला लागली?

मला स्वतःला तारांचीच हवी होती. तारांचं चाक खड्ड्यात वाकतं, पण दगा देत नाही. कुठल्याही आडगावात कुणीतरी ते ठोकून, तारा आवळून सरळ करून देतो. ओतीव चाक एकदा तडकलं की संपलं, तिथे कुणाचा बापही काही करू शकत नाही. पण तारांच्या चाकात ट्यूब आली, आणि पंक्चर झालं की चाक काढा, टायर उचकटा, ट्यूब ओढून बाहेर घ्या. सामान लादलेली गाडी तोलून धरायला एक आणि खाली बसून झटायला एक, असे दोन जीव हवेतच. ते चढावरचं पंक्चर आठवतं? तू कंबरेने गाडी रेटून धरलेली, मी खाली गुडघे टेकून टायरशी कुस्ती करतेय, आणि तो ट्रकवाला बिचारा मदतीला थांबला. तू त्याला चहाला बोलावल्यासारखं गोड हसून सांगितलंस, की आम्ही दोघी आहोत, तुम्ही निघा. मग ट्यूब तीनदा चिमटली, तुझ्या कंबरेत लचक भरली आणि आपण अंधार पडायच्या आत कशाबशा मुक्कामाला पोचलो. मला तो दिवस फार आवडला होता. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू आठवडाभर कंबर शेकत होतीस.

आणि तारा वाजवायचं काम तर तुझंच. मुक्कामाला पोचलं की मी सामान उतरवायचे आणि तू तोंडसुद्धा न धुता चाकाशी उकिडवी बसायचीस. छोटा पाना घेऊन एकेक तार हलकेच वाजवायची, घट्ट असली की ती टणकन बोलते, ढिली झाली की थप्प. तू नुसती मान हलवत ही बरी, ही बरी, हिला आवळ, असं सांगत जायचीस. मला आजतागायत त्यातला फरक कळलेला नाही. सूर माझ्या वाट्याला आलेलाच नाही. गेल्या महिन्यात म्हटलं, बघू तरी, तू येईपर्यंत जुनी चाकं चालतात का. बसले पाना घेऊन. ज्या तारा मला ढिल्या वाटल्या त्या आवळल्या. नेमक्या चांगल्या होत्या त्याच आवळल्या असणार, कारण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाताना चाक असं डुलायला लागलं, की पिठाच्या गिरणीपुढची माणसं उठून बाजूला झाली. मिस्त्री हसून हसून खाली बसला. म्हणाला, तुमच्या वहिनींना बोलवून घ्या, हे तुमचं काम नाही. मीही हसले त्याच्याबरोबर. घरी आल्यावर मात्र ते कुणाला सांगायचं हेच कळेना. तू असतीस तर रात्रीच्या जेवणाला तोच विषय पुरला असता.

नणंद-भावजयीचं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं लोक म्हणतात. दादा गेला तेव्हा सगळे धरून चालले होते, की तू आता माहेरी जाणार. मावशीने तर तुझ्या बॅगेची चेनसुद्धा दुरुस्त करून आणली होती. तू तिला म्हणालीस, गॅस माझ्या नावावर आहे, मी गेले तर वन्सं खाणार काय? मावशीला ते खरंच वाटलं. मग आपण दोघींनी दादाची गाडी शिकून घेतली, पडलो, झडलो, एकमेकींच्या नावाने खडे फोडले आणि केवढं तरी फिरलो. आता इथे काय आहे ते विचारू नकोस. परवा लक्षात आलं, की मी हल्ली न्हाणीघराचं दारच लावत नाही. लावायचं कुणासाठी? तशीच ओल्या केसांनी स्टुलावर बसून राहिले आणि कामावर उशिरा गेले. मला फार एकटं वाटतं, वहिनी. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग पत्रात लिहायचं तरी काय?

तुझे ते एक्स-रेवाले कसे आहेत? आधी ते तुझ्या फोनवरच्या बोलण्यात रोज असायचे. दुसऱ्याच्या कपातला चहा पितात, जोक सांगायच्या आधीच हसतात, म्हणून तू त्यांच्या नावाने बोटं मोडायचीस. मग त्यांच्या आईचा गुडघा आला. मग त्यांनी तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून दिला. आणि त्यानंतर एकदम काहीच नाही. मी दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासते, मला एवढंही दिसणार नाही का? दादाच्या वेळीही तू अशीच होतीस, तुझी आईच सांगते. आधी महिनाभर कॉलेजातल्या त्या आगाऊ मुलाच्या तक्रारी, मग सगळं गप्पगार, आणि मग थेट लग्नाची तारीख. खरं सांगते, मला त्या एक्स-रेवाल्यांचा राग आला. पंखा दुरुस्त करायचं काय अडलं होतं त्यांचं? दुकानातल्या मालकांनाही उलट उत्तर दिलं.

मग तुझ्या आईचा फोन आला. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एक्स-रेवाल्यांनी तुला लग्नाचं विचारलंय, तुलाही ते आवडतात, आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. का, तर वन्सं एकट्या पडतील. म्हणून हे पत्र. वहिनी, मी ओतीव चाकं बसवून घेतली. रविवारी गाडी घेऊन एकटीच खाणीकडच्या रस्त्याला गेले, तिथे कुणी नसतं. गाडी उभी केली आणि नव्या कोऱ्या टायरमध्ये स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. हो, मीच. मग खिळा उपटला, भोक कानशीने घासलं, भोक बुजवायची चिकट वात आत खुपसली आणि पंपाने हवा भरली. चाक काढावं लागलं नाही, गाडी कुणाला धरावी लागली नाही. त्याच टायरवर घरी आले आणि जिन्यात बसून रडले, कारण खरंच कुणाची गरज लागली नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी एकटी पडेन. पण एकटी असले तरी रस्त्यात अडकून पडणार नाही, एवढं मी बघून घेतलंय. त्यांना हो म्हण. आजच म्हण, आणि माझ्यासाठी तू थांबली होतीस हे त्यांना कधी सांगू नकोस.

तुझीच,
वन्सं